लेप्टो आणि पोट: पावसाळ्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला मोठा पाऊस पडून हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे येथील तुंबलेल्या पाण्याची छायाचित्रे फिरू लागली, की साधारण आठ-दहा दिवसांनी मला येणाऱ्या संदेशांचा विषय बदलतो. ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी म्हणजे लेप्टो असू शकतो, हे आता मुंबईत बहुतेकांना ठाऊक आहे. गोंधळ उडतो तो पोटापाशी. पित्ताशयाची सूज, स्वादुपिंडाचा दाह, अपेंडिक्सचा संशय किंवा काळी शौच यांचा संबंध आठवड्यापूर्वी ओलांडलेल्या पाण्याशी असेल, असे रुग्णाच्या मनात येत नाही आणि म्हणून तो डॉक्टरांना सांगतही नाही. पुन्हा पुन्हा आलेले असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचे दोनदा उत्तर देण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही उत्तरे वाचून घरच्या घरी औषध ठरवू नये.

१. लेप्टो म्हणजे नेमके काय, आणि उंदरामुळे होणाऱ्या आजाराचा पोटाशी काय संबंध?

लेप्टोस्पायरोसिस हा लेप्टोस्पायरा नावाच्या मळसूत्रासारख्या पिळदार जिवाणूमुळे होणारा आजार आहे. हा जिवाणू उंदीर आणि घुशी यांच्या मूत्रपिंडात त्यांना काही त्रास न देता राहतो, त्यांच्या मूत्रातून बाहेर पडतो आणि ओल्या मातीत किंवा साचलेल्या पाण्यात कित्येक आठवडे तग धरू शकतो. कुत्री, डुकरे, गाई-म्हशी यांच्याकडूनही तो पसरतो. माणसाच्या शरीरात तो कातडीवरील जखमेतून, टाचेच्या भेगांतून, चिखल्यांतून किंवा डोळे, नाक आणि तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून शिरतो. एकदा रक्तात गेला, की लहान रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतो. असे अस्तर प्रत्येक अवयवात असल्यामुळे यकृत, मूत्रपिंड, पित्ताशय, स्वादुपिंड, आतडी आणि पोटाचे स्नायू यांपैकी काहीही दुखावू शकते. पोटदुखी, मळमळ आणि उलट्या लेप्टोत नेहमीच दिसतात. दुर्मीळ आहेत त्या पुढे सांगितलेल्या काही गुंतागुंती.

माणसात आढळणाऱ्या मुख्य प्रजातीला ‘इंटरोगन्स’ हे नाव मिळाले, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे वळलेले टोक प्रश्नचिन्हासारखे दिसले होते. प्रश्नांच्या या पानाला याहून योग्य जिवाणू मिळाला नसता.

२. मी घोट्याइतक्या पाण्यातून जेमतेम दहा मिनिटे चाललो. एवढ्याने लेप्टो होतो का?

होऊ शकतो, मात्र बहुतेकांना होत नाही. पाणी किती खोल होते यापेक्षा पायाला जखम होती का, पाणी कोठले होते आणि पाय किती वेळ ओले राहिले, हे महत्त्वाचे ठरते. गमबूट घातला होता म्हणून निर्धास्त राहू नये, कारण बुटात वरून शिरलेले पाणी तासन् तास तेथेच राहते आणि कातडी भिजून मऊ पडते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात आणि कोरड्या जागी हा जिवाणू फार टिकत नाही, पण भरतीच्या वेळी गटारांतून उलटे वर येणारे पाणी म्हणजे समुद्राचे पाणी, असे समजण्याची चूक करू नये.

३. पाण्यातून गेल्यावर किती दिवसांनी पोट दुखले, तर लेप्टोचा संशय घ्यावा?

लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांत दिसतात, पण २ दिवसांपासून ३० दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. म्हणून आज ताप आला असेल, तर कालचे पाणी आठवून उपयोग नाही. गेल्या महिनाभराचा विचार करावा. शनिवारी पाण्यातून गेलो आणि रविवारी पोट बिघडले, तर त्याला बहुधा दूषित अन्नपाण्याचे दुसरे काही कारण असते.

आजार अनेकदा दोन टप्प्यांत येतो. पहिल्या आठवड्यात जिवाणू रक्तात असतो तेव्हा ताप, थंडी आणि अंगदुखी होते. मग एक-दोन दिवस बरे वाटते, आणि त्यानंतर दुसरा टप्पा सुरू होतो, ज्यात कावीळ, मूत्रपिंडाचा त्रास आणि पोटातील गुंतागुंती दिसू शकतात. तीव्र आजारात मधला दिलासा मिळतही नाही. ‘ताप उतरला होता, मग पोट कसे बिघडले?’ असे विचारणाऱ्यांसाठी उत्तर येथेच आहे.

४. ताप आहे, उलट्या होतात, पोट दुखते. हा साधा गॅस्ट्रो आहे की लेप्टो, हे घरी कसे ओळखायचे?

घरी खात्रीने ओळखता येत नाही, पण संशय वाढवणाऱ्या तीन गोष्टी बघता येतात. गॅस्ट्रोमध्ये बहुधा जुलाब पुढे असतात आणि ताप बेताचा असतो. लेप्टोत ताप एकदम आणि जोराचा चढतो, अंगदुखी असह्य असते आणि जुलाब असलेच तर दुय्यम असतात. दुसरी गोष्ट पोटऱ्यांची: पोटरी हलक्या हाताने दाबली तरी रुग्ण कळवळतो, जिना उतरणे नकोसे होते. तिसरी गोष्ट डोळ्यांची. रुग्णाला खिडकीपाशी उजेडात बसवावे आणि खालची पापणी बोटाने अलगद ओढावी. डोळे आल्यावर जशी चिकट घाण येते तशी नसताना डोळ्यांचा पांढरा भाग लालभडक दिसत असेल, तर हे लेप्टोचे चांगलेच बोलके लक्षण आहे. मात्र ते नसले म्हणून लेप्टो नाही, असे होत नाही.

पावसाळ्यात पोटदुखी आणि ताप एकत्र आले, की डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात पाण्याबद्दल सांगावे. तुमच्या पायांनी गेल्या महिनाभरात काय केले, ही माहिती कोणत्याही यंत्रातून निघत नाही.

५. भावाचे पोट इतके दुखत होते की हात लावू देत नव्हता, पण सोनोग्राफी नॉर्मल आली. मग दुखत होते काय?

अनेकदा दुखत असते ते पोटाच्या आतले काही नव्हे, तर पोटाची भिंत. लेप्टोत स्नायूंना इजा होते, आणि पोटऱ्या व कंबर यांच्याबरोबर पोटाचे स्नायूही त्यात सापडतात. ते इतके दुखतात आणि आखडतात की पोटाच्या आत काही फुटले आहे, असा भास होतो.

हे ओळखण्याची एक जुनी, साधी युक्ती आहे. डॉक्टर दुखऱ्या जागी बोट ठेवतात आणि उताणे झोपलेल्या रुग्णाला हात छातीवर घडी करून फक्त डोके व खांदे उचलायला सांगतात. स्नायू ताठ झाल्यावर दुखणे वाढले, तर कारण बहुधा भिंतीत असते. कमी झाले, तर आतल्या अवयवाकडे लक्ष द्यावे लागते, कारण ताठ झालेला स्नायू आतल्या भागावर ढालीसारखा येतो. जोडीला रक्तातील सीपीके ही स्नायूंच्या इजेची तपासणी वाढलेली असेल, तर चित्र स्पष्ट होते. या तपासणीचा आणखी एक उपयोग प्रश्न ९ मध्ये आहे.

अशा दुखण्यावर स्वतःहून ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेऊ नयेत. त्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढवतात, आणि लेप्टोत या दोन्ही गोष्टी आधीच धोक्यात असतात. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात, पुरेसे असते.

६. एका डॉक्टरांनी अपेंडिक्सचे ऑपरेशन सांगितले, दुसऱ्यांनी लेप्टो म्हणून थांबायला सांगितले. कोणाचे ऐकावे?

दोघांचीही शंका रास्त असू शकते. लेप्टोत उजव्या बाजूला खाली दुखणे, पोट कडक होणे आणि पांढऱ्या पेशी वाढणे, हे सर्व अपेंडिक्सच्या दाहासारखेच दिसू शकते, आणि पोट उघडल्यावर अपेंडिक्स निरोगी निघाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. लेप्टोच्या रुग्णावरची अनावश्यक शस्त्रक्रिया किरकोळ नसते. प्लेटलेट कमी, मूत्रपिंड अर्धवट दमलेले आणि त्यात भूल, हे मिश्रण जड जाते.

फरक बहुधा घटनांच्या क्रमात सापडतो. अपेंडिक्समध्ये आधी पोट दुखते (बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे सरकते) आणि ताप नंतर, तोही बहुधा बेताचा येतो. लेप्टोत दोन-तीन दिवस आधी जोरदार ताप आणि अंगदुखी झालेली असते. शंका राहिली तर सीटी स्कॅन करून अपेंडिक्स प्रत्यक्ष पाहता येते. मात्र लेप्टो आहे म्हणून अपेंडिक्स असूच शकत नाही, असा उलटा हट्टही धरू नये. स्कॅनमध्ये सुजलेले अपेंडिक्स दिसले, तर सर्जनचे ऐकावे.

७. सोनोग्राफीत पित्ताशयाला सूज आहे, पण खडा नाही. पित्ताशय काढावे लागेल का?

बहुधा नाही. पित्ताशयाचा दाह एरवी खड्यामुळे होतो. खडा नसताना झालेल्या दाहाची कारणे वेगळी असतात आणि लेप्टो हे त्यांपैकी एक आहे. येथे पित्ताशयाच्या भिंतीतील रक्तवाहिन्या पाझरतात, भिंत सुजते (सोनोग्राफीत ३ मिलिमीटरपेक्षा जाड दिसते) आणि उजव्या बरगडीखाली दाबल्यावर दुखते. लहान मुलांमध्ये पित्ताशय फुग्यासारखे ताणलेलेही आढळते. प्रतिजैविक सुरू झाल्यावर बहुतेकांची ही सूज काही दिवसांत आपोआप ओसरते, आणि पुन्हा केलेल्या सोनोग्राफीत भिंत पूर्ववत दिसते.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पित्ताशयाच्या भिंतीचा भाग मृत होत असल्याच्या किंवा ते फुटल्याच्या खुणा दिसल्या, किंवा औषध चालू असूनही दुखणे आणि ताप वाढतच गेला, तर सर्जनची गरज लागते. दुसरे म्हणजे, डेंग्यूतही पित्ताशयाची भिंत अगदी अशीच जाड दिसते, त्यामुळे केवळ सोनोग्राफीवरून लेप्टोचे निदान होत नाही. डेंग्यूबद्दल प्रश्न १७ पाहावा.

८. वडील दारूला शिवतही नाहीत. तरी स्वादुपिंडाला सूज आहे म्हणतात. हे लेप्टोमुळे असू शकते का?

असू शकते, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या घरांत दारूवरून उगाच संशयाचे वातावरण तयार होते, म्हणून स्पष्टच सांगतो. स्वादुपिंडाच्या दाहाची नेहमीची कारणे म्हणजे पित्तखडे आणि दारू. पण तीव्र लेप्टोत स्वादुपिंडाच्या लहान रक्तवाहिन्यांना इजा होऊन दाह झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. वरच्या पोटात सुरू होऊन पाठीत जाणारे, पुढे वाकून बसल्यावर थोडे सुसह्य होणारे दुखणे आणि न थांबणाऱ्या उलट्या, असे त्याचे रूप असते.

येथे अहवाल वाचताना एक फसगत होते. अमायलेज हे स्वादुपिंडाचे पाचकद्रव्य काही अंशी मूत्रपिंडावाटे बाहेर जाते. लेप्टोत मूत्रपिंड मंदावले, की स्वादुपिंड पूर्ण निरोगी असतानाही रक्तातील अमायलेज वाढते. लायपेजही थोडे वाढू शकते. त्यामुळे अहवालात वाढलेल्या एका आकड्यावरून निदान होत नाही. वैशिष्ट्यपूर्ण दुखणे, नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त वाढलेली पाचकद्रव्ये आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमधील सूज, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात.

उपचारात कसरत असते. स्वादुपिंडाच्या दाहात सलाईन द्यावे लागते, पण लेप्टोत फुप्फुसांतील रक्तवाहिन्याही पाझरत असतात आणि जास्त झालेले पाणी तेथे साचून श्वास कोंडतो. म्हणून असा रुग्ण जेथे दर काही तासांनी लघवी मोजली जाते आणि ऑक्सिजनवर लक्ष असते, अशा ठिकाणीच असावा. ‘घरीच दोन बाटल्या सलाईन लावून घेऊ’ हा मार्ग येथे घातक ठरू शकतो.

९. डोळे पिवळे झाले आहेत. ही साधी कावीळ आहे की लेप्टोची? उतरवून घेतली तर चालेल का?

मुंबईच्या पावसाळ्यात हेपॅटायटिस ए आणि ई यांची कावीळही असतेच, त्यामुळे प्रश्न योग्य आहे. त्या काविळीत पिवळेपणा दिसू लागेपर्यंत ताप बहुधा उतरलेला असतो; लेप्टोत ताप आणि पिवळेपणा एकत्र असू शकतात. रक्ताचे आकडेही वेगळे बोलतात. विषाणूच्या काविळीत यकृताच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात, त्यामुळे एसजीपीटी (दुखावलेल्या यकृतपेशींतून रक्तात येणारे द्रव्य) अनेकदा हजारांत जातो. लेप्टोत पेशी फारशा मरत नाहीत, पण त्यांची पित्त बाहेर टाकण्याची व्यवस्था बिघडते. म्हणून बिलिरुबिन (पिवळेपणा आणणारे द्रव्य) १५-२० किंवा त्याहूनही पुढे जाते आणि एसजीपीटी मात्र बहुधा २०० च्या आत राहतो. त्यात सीपीके वाढलेला, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा) वाढलेले आणि प्लेटलेट कमी असतील, तर लेप्टोचीच शक्यता बळावते. कावीळ आणि मूत्रपिंड एकत्र बिघडणाऱ्या या तीव्र रूपाचे वर्णन जर्मन वैद्य अडॉल्फ वाईल यांनी १८८६ मध्ये केले, म्हणून त्याला वाईल्स डिसीज म्हणतात. लेप्टो झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांनाच हे तीव्र रूप येते.

आता उतरवण्याबद्दल. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, हे अनेकांनी पाहिले आहे. ते निरोगी माणसाच्या बाबतीतही करून दाखवता येते. विषाणूची कावीळ बहुतेक वेळा आपोआप बरी होत असल्यामुळे श्रेय उतरवणाऱ्याला मिळते. लेप्टोच्या काविळीत मात्र हे दोन-तीन दिवस मूत्रपिंड निकामी होण्याचे असतात, आणि ते दिवस परत मिळत नाहीत. घरच्या वडीलधाऱ्यांशी वाद घालायचा नसेल, तर आधी क्रिएटिनिन आणि प्लेटलेटची तपासणी करून घ्यावी. पुढचे काम अहवाल करतो.

१०. लघवी तर भरपूर होते आहे. मग किडनीवर परिणाम झाला असे डॉक्टर कशावरून म्हणतात?

लेप्टोचे हे वेगळेपण आहे. मूत्रपिंड बिघडले की लघवी बंद होते आणि रक्तातील पोटॅशियम वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. लेप्टोत मात्र अनेकदा लघवी पुरेशी होत राहते आणि पोटॅशियम उलट कमी होते, कारण मूत्रपिंडातील क्षार परत शोषून घेणाऱ्या नलिका दुखावलेल्या असतात. पाणी बाहेर पडते, पण कचरा मागे राहतो. लघवी कमी होऊ लागणे हे त्यापुढचे आणि अधिक गंभीर लक्षण आहे. डायलिसिस लागले तरी ते बहुधा काही दिवसांपुरते असते. ‘एकदा डायलिसिस म्हणजे कायमचे डायलिसिस’ ही भीती येथे बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरत नाही, आणि या भीतीपोटी नकार देणे महाग पडते.

११. शौच डांबरासारखी काळी झाली. लोहाच्या गोळ्यांमुळे असेल का?

लोहाच्या गोळ्यांमुळे शौच काळी होते, पण ती चिकट, चकचकीत आणि उग्र वासाची नसते. ताप असताना डांबरासारखी शौच किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी झाली, तर तो पोटातील रक्तस्राव समजून थेट रुग्णालयात जावे. लेप्टोत प्लेटलेट कमी होतात आणि रक्तवाहिन्याही दुखावलेल्या असतात, त्यामुळे केवळ प्लेटलेटचा आकडा बरा आहे म्हणून रक्तस्राव होणारच नाही, असे नसते. याच वेळी खोकल्यातून रक्त आले किंवा दम लागू लागला, तर पोटाचा विचार बाजूला ठेवावा. फुप्फुसांतील रक्तस्राव ही लेप्टोतील सर्वांत जीवघेणी गुंतागुंत आहे आणि तेथे तासांचा हिशेब असतो.

१२. पोट फुगले आहे, वायू सरत नाही. एनिमा द्यावा का?

स्वतःहून देऊ नये. तीव्र आजारात आतड्यांची हालचाल काही काळ थांबते, आणि पोटॅशियम कमी असेल (प्रश्न १०) तर ती अधिकच मंदावते. पोटॅशियम भरून काढून आणि तोंडाने खाणे थांबवून आतडी बहुधा पूर्ववत होतात. पोटात पाणी झाल्यामुळेही फुगवटा येऊ शकतो; तो फरक सोनोग्राफीत कळतो.

१३. लेप्टोचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मग लेप्टो नाही ना?

तपासणी कोणत्या दिवशी केली, यावर उत्तर अवलंबून आहे. नेहमी केली जाणारी आयजीएम तपासणी जिवाणूला नव्हे, तर त्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांना शोधते, आणि ती तयार व्हायला साधारण ५ ते ७ दिवस लागतात. तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी निगेटिव्ह आली, तर तिचा अर्थ ‘अजून सांगता येत नाही’ एवढाच असतो. पहिल्या आठवड्यात रक्ताची पीसीआर तपासणी, जी जिवाणूचाच जनुकीय अंश शोधते, अधिक उपयोगी पडते. मॅट ही प्रमाण मानली जाणारी तपासणी आहे, पण तिच्यासाठी काही दिवसांच्या अंतराने रक्ताचे दोन नमुने लागतात, म्हणजे तिचे उत्तर येईपर्यंत उपचाराचा निर्णय होऊन गेलेला असतो. म्हणूनच डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात. ‘रिपोर्ट यायच्या आधीच महागडी इंजेक्शने सुरू केली’ अशी तक्रार माझ्याकडे दरवर्षी येते. या आजारापुरते तरी मी त्या डॉक्टरांच्या बाजूने आहे.

१४. उपचार काय असतात? पहिल्या इंजेक्शननंतर थंडी वाजून ताप वाढला, औषध सोसले नाही का?

सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस देतात. उलट्या, कावीळ, लघवी कमी होणे किंवा तीव्र पोटदुखी असेल, तर शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायाक्सोन द्यावे लागते. पोटातील वर सांगितलेल्या गुंतागुंतींवर वेगळे औषध बहुधा लागत नाही. मूळ जिवाणूवरचा उपचार आणि अवयव सावरेपर्यंतचा आधार हाच त्यांचा उपचार असतो.

पहिल्या मात्रेनंतर काही तासांत थंडी, ताप आणि रक्तदाबात घट होऊ शकते. एकदम मरणाऱ्या जिवाणूंचे घटक रक्तात मिसळल्यामुळे हे घडते आणि बहुधा दिवसभरात ओसरते. ही ॲलर्जी नव्हे; मात्र अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा घशात घरघर सुरू झाली, तर ती ॲलर्जी समजून लगेच सांगावे.

१५. पालिकेने सांगितलेली प्रतिबंधक गोळी घेतली आणि तेव्हापासून छातीच्या मध्यभागी जळजळ आहे. हाही लेप्टोच का?

बहुधा ही गोळीचीच करणी आहे. डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेत अडकली, तर तेथे जखम करते. घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवे झाल्यावर हे हमखास घडते. गोळी जेवणानंतर, बसून किंवा उभ्याने, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि निदान अर्धा तास झोपू नये. गिळताना दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोची मोठी साथ आली. तेव्हापासून पाण्यातून गेल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घेण्याची सूचना मुंबईकरांच्या ओळखीची झाली आहे. पायाला जखम होती का आणि पाण्यातून एकदा गेलात की वारंवार, यावर मात्रा आणि कालावधी ठरतो. आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिनचा उपयोग पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकी सैनिकांवरील, १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसला होता. तरीही गोळी घेतली होती म्हणून नंतर आलेल्या तापाकडे दुर्लक्ष करू नये. शेजाऱ्याच्या पाकिटातली उरलेली गोळी तर घेऊच नये, विशेषतः पुढचा प्रश्न लागू होत असेल तर.

१६. मी सात महिन्यांची गरोदर आहे / मुलगा पाच वर्षांचा आहे. आमच्यासाठी काय वेगळे?

गरोदरपणी आणि ८ वर्षांखालील मुलांना डॉक्सिसायक्लिन सहसा देत नाहीत. त्याऐवजी प्रतिबंधासाठी ॲझिथ्रोमायसिन, आणि आजार झाल्यास पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायाक्सोन यांचा पर्याय असतो. मात्रा डॉक्टरच ठरवतील.

गरोदरपणातील अडचण निदानाची आहे. शेवटच्या तिमाहीत पोटदुखी, कावीळ आणि कमी प्लेटलेट दिसल्या, की गरोदरपणातील यकृताचे विकार आणि रक्तदाबाशी जोडलेली गुंतागुंत आधी डोळ्यांपुढे येते, आणि त्यांचा उपचार म्हणजे लवकर प्रसूती करणे. लेप्टोचा उपचार त्याहून वेगळा असल्यामुळे येथे पाण्याचा इतिहास सांगणे दुप्पट महत्त्वाचे ठरते. लेप्टोमुळे गर्भालाही धोका असतो, म्हणून ताप अंगावर काढू नये.

पाच वर्षांचे मूल ‘पोटऱ्या दुखतात’ असे म्हणत नाही; ते चालायला नकार देते आणि उचलून घ्या म्हणते. ताप, पोट धरून रडणे आणि चालणे टाळणे हे तिन्ही एकत्र दिसले, तर मूल इमारतीच्या आवारातील डबक्यात खेळले होते का, ते आठवावे.

१७. डेंग्यूही पॉझिटिव्ह आहे आणि लेप्टोही. दोन्ही एकत्र होतात का?

होऊ शकतात, कारण दोन्हींचा हंगाम एकच आहे. मात्र प्रतिपिंडांच्या तपासण्यांत एका आजारात दुसऱ्याचा निकाल खोटा पॉझिटिव्ह येण्याचीही शक्यता असते. अशा वेळी व्यवहार पाहावा: डेंग्यूवर प्रतिजैविक नाही, लेप्टोवर आहे आणि ते लवकर दिल्यास उपयोगी पडते, म्हणून शंका असेल तर लेप्टोचा उपचार सोडत नाहीत. मलेरियाची तपासणीही सोबत करून घ्यावी.

१८. आमच्या कुत्र्याला लस दिली आहे, आणि इमारतीमागे म्हशींचा तबेला आहे. धोका कोणापासून जास्त?

मुंबईत सर्वांत मोठा वाटा उंदीर-घुशींचाच मानला जातो. कुत्र्यांच्या एकत्रित लसीत लेप्टोचा घटक असतो, पण तो जिवाणूच्या ठरावीक प्रकारांपुरताच असतो आणि दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. कुत्रा ज्या कोपऱ्यात लघवी करतो तो उघड्या हातांनी पुसू नये. तबेल्यात काम करणाऱ्यांना गोठ्यातील मूत्र आणि चिखल यांचा रोजचा संपर्क असतो. त्यांनी पाय झाकावेत आणि हातापायांवरील जखमा उघड्या ठेवू नयेत. माणसांसाठीची लस भारतात नेहमीच्या वापरात नाही.

१९. बरे झाल्यावर यकृत, पित्ताशय कायमचे अधू राहते का? आणि दारू कधी सुरू करता येईल?

लेप्टोची कावीळ कितीही गडद असली तरी ती ओसरल्यावर यकृत सहसा पूर्ववत होते. हेपॅटायटिस बी किंवा सी सारखा जुनाट आजार मागे राहत नाही. पिवळेपणा मात्र ताप गेल्यावरही दोन-चार आठवडे रेंगाळू शकतो. मूत्रपिंडे बहुतेकांची सावरतात, तरी क्रिएटिनिन सामान्य होईपर्यंत तपासत राहावे. पित्ताशयासाठी चार-सहा आठवड्यांनी एक सोनोग्राफी पुरते. स्वादुपिंडाचा दाह झाला असेल, तर दारू पुन्हा सुरू करण्याची तारीख मी कोणालाही देत नाही. इतरांनी निदान यकृताचे आकडे सामान्य होईपर्यंत थांबावे.

थकवा कित्येक आठवडे राहतो, आणि कामावर लवकर परतण्याची घाई सर्वांत जास्त त्यांनाच असते ज्यांना रोज गटारात किंवा गाळात उतरावे लागते. त्यांनी हेही लक्षात घ्यावे की लेप्टोच्या एका प्रकाराने आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकारापासून वाचवत नाही. त्यामुळे हा आजार पुन्हा होऊ शकतो, आणि पुढच्या खेपेला पोट दुखेलच असे नाही.